बिनआवाजाची अक्षरं

भीती वाटते हे सांगायला मला लाज नाही. मी मुळात भित्री बाई नव्हे. घरात नाग निघाला तेव्हा सर्पमित्र येईपर्यंत काठी घेऊन दारात मी उभी होते आणि आमचे हे पलंगावर. पण आता मला माझ्या नवऱ्याची भीती वाटते आणि त्यांना माझी. मारहाण वगैरे काही नाही हो. तेवढं सोपं असतं तर सरळ माहेरी निघून गेले असते.

आम्ही दोघं वाईला राहतो आणि दोघं मिळून प्रुफं तपासतो, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढतो. आमची पद्धत जुनी, दोन माणसांची. एकाने मूळ कॉपी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. वाचणारा सगळं वाचतो, चिन्हंसुद्धा. "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू थांबा उद्गारचिन्ह." ह्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरातही तसंच बोलायचे. "वैजू, माझा चष्मा कुठाय प्रश्नचिन्ह." मी म्हणायचे, "डोक्यावर पूर्णविराम."

ह्यांचं नाव धैर्यशील पिसाळ. धैर्य बेताचंच, पण राग? बाई गं! दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन मालकाशी भांडणार. सकाळी पेपर वाचताना "खोटं! साफ खोटं!" असं इतक्या जोरात ओरडणार की शेजारच्या कुलकर्णीबाईंनी पेपरच बंद केला, म्हणाल्या आम्हाला भिंतीतून येतो. ह्याच रागापायी आमची एकुलती एक सानिका दुरावली. तिने सोलापूरच्या नितीनशी जातीबाहेर लग्न केलं, तेही रजिस्टर उरकून मग फोन केला. हे म्हणाले, "ह्या घरात परत पाय ठेवायचा नाही." त्याला चार वर्षं झाली. तिला मुलगी झाली. मी आजी झाले ती फोनच्या पडद्यावर, ह्यांना चोरून, गच्चीवर जाऊन. मला ती पोर मांडीवर हवी होती. बस्स, एवढंच हवं होतं मला. त्यासाठी मी काय केलं ते सांगते.

तेव्हा थेटलिपी नुकतीच आली होती. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून निघाली आणि बघता बघता सगळीकडे झाली. ह्यांना तर चेव चढला. जेवताना घास हातात धरून मला व्याख्यान.

"वैजू, माणूस बोलायला लागून लाखभर वर्षं झाली असतील, पण लिहायला लागून जेमतेम पाच हजार. मेंदूत वाचण्यासाठी वेगळी जागा येणार कुठून? मग मेंदूने काय केलं, वस्तू आणि चेहरे ओळखायचा जो भाग आहे ना, डाव्या कानाच्या मागच्या अंगाला, त्यातला एक तुकडा अक्षरांना भाड्याने दिला. म्हणून जगातली अक्षरं बघ. कोपरे, फाटे, वळणं. डोळ्याला जे आधीपासून ओळखू येत होतं तेच."

"आमटी निवतेय."

"आधी नुसती चित्रं होती. बैल म्हणजे बैलाचं डोकं. पण 'परवा' कसा काढणार? 'माया' कशी काढणार? तिथे माणसाने युक्ती केली. चित्र वस्तूचं न ठेवता आवाजाचं केलं. बैलाचं डोकं झिजत झिजत इंग्रजीतला ए झाला. आपल्याकडे ब्राह्मी आली, तिच्यात 'क' लिहिला की पोटात 'अ' आलाच. तेव्हापासून वाचणं म्हणजे ऐकणंच. मनातल्या मनात वाचलंस तरी घसा बारीकसा हलतो. चिनी माणसाचं अक्षर चित्रासारखं दिसतं, पण वाचताना त्याच्याही डोक्यात आवाज उमटतो."

थेटलिपीने हा आवाजच काढून टाकला होता. हजारो माणसांचे मेंदू वाचताना तपासून यंत्राने अशा आकृत्या शोधल्या, की त्या डोळ्यांतून सरळ अर्थापाशी पोचायच्या. वाटेत घसा नाही, कान नाही. एक नजर टाकली की पान वाचून झालं. शिकायला डोक्याला पट्टा लावून काही आठवडे बसायचं, बस. मेख एकच होती. ती भाड्याची जागा लहान. चाळिशीपुढच्या माणसाच्या डोक्यात नवी लिपी शिरली की जुनी बाहेर पडायची. आणि एकदा शिकलं की नजरेला पडलेलं न वाचणं शक्य नव्हतं.

"त्यात काय," हे म्हणाले, "आता तरी 'शौचालय' लिहिलेलं दिसलं की न वाचता राहता येतं का तुला?"

शाळेची पुस्तकं थेटलिपीत निघणार, म्हणजे प्रुफंही तशीच येणार. आम्ही ठरवलं की एकाने शिकायचं. हे शिकले. मी देवनागरी सांभाळली, कारण मूळ कॉपी वाचायला कुणीतरी हवंच. कोर्स संपवून हे घरी आले तेव्हा दारातच थबकले. दारावर ह्यांनीच रंगवलेली आमच्या नावांची पाटी आहे. तिच्याकडे बघत म्हणाले, "काटक्या चिकटवल्यासारखं दिसतंय गं." आणि हसले. मला हसू आलं नाही. माझं नाव होतं ते.

मग घर शांत झालं. पेपरही थेटलिपीत येऊ लागला होता. हे एकदा त्याच्यावर नजर फिरवत आणि घडी घालून ठेवत. "खोटं" नाही, की "साफ खोटं" नाही. मला वाटलं, चला, ब्लडप्रेशरला बरं.

सातवीच्या भूगोलाची प्रुफं आली त्या दिवशी मला पहिल्यांदा धडकी भरली. मी कॉपी वाचत होते, हे समोरच्या पानावर बघत होते. त्या पानावर मला नुसती नक्षी दिसायची. मी वाचलं, "कृष्णा नदीचा उगम महाबळेश्वर येथे होतो पूर्णविराम." पुढे जाणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. कॉपीत चूक आहे. त्र्यंबकेश्वर."

मला वाटलं मस्करी करतायत. "हो का? आणि गोदावरी कुठे, आपल्या न्हाणीघरात?"

"हसण्यासारखं काय आहे? कृष्णा त्र्यंबकेश्वरला उगम पावते. मला लहानपणापासून माहीत आहे."

हा माणूस कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकला. श्रावणात आईचा हात धरून जुन्या महाबळेश्वरला जायचा, तिथल्या गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली डोकं धरायचा. हे मला त्यांनीच सांगितलेलं. मी त्याची आठवण करून दिली तर म्हणाले, "हो, ते त्र्यंबकला. आई होती, पाऊस होता." चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नाही.

मी प्रकाशकाला फोन केला. यंत्राने कॉपीवरून आकृत्या करताना दोन नद्यांची अदलाबदल केली होती. त्यांनी माफी मागून दुरुस्त पान पाठवलं. ह्यांनी त्यावर नजर टाकली.

"कृष्णा कुठे उगम पावते हो?" मी विचारलं.

"महाबळेश्वरला. दुसरीकडे कुठे?"

"काल तर तुम्ही त्र्यंबक म्हणालात."

"मी? अगं, मी वाईचा माणूस आहे."

त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या शास्त्रज्ञाने सांगितलेलं नाही. अक्षर आवाजातून आत येतं तेव्हा ते कुणाचं तरी बोलणं असतं. मनातल्या मनात का होईना, कुणीतरी आपल्याला सांगत असतं. आणि सांगणारा म्हटला की त्याला "चल, थापा मारतोस" म्हणता येतं. ह्यांच्या डोक्यात आता सांगणारा कुणी येतच नव्हता. वाचलेलं सरळ आठवणीत जाऊन बसत होतं, जणू आपलंच, जन्मापासूनचं. ज्या माणसाने उभा जन्म शंका घेण्यात घालवला, त्याला शंका घ्यायला जागाच उरली नव्हती.

मी लगेच बोंब मारायला हवी होती ना? लोकांना सांगायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं ते ऐका.

आमच्या टेबलावर दुरुस्तीची पाटी असते, प्रुफं तिच्याच पडद्यावर येतात. तिच्यावर मराठीत टाइप केलं की ती थेटलिपीची आकृती करून देते. हे आंघोळीला गेले होते. मी पाटी पुढे ओढली आणि टाइप केलं, "सानिकावरचा माझा राग आता गेला आहे."

मग मी ते वाक्य तपासलं. हो, तपासलं! हातच असा सवयीचा. उभ्या आयुष्यात एकही वाक्य मी हात न लावता सोडलेलं नाही. "आता" कशाला? काढला. "सानिकावरचा" कशाला, ह्यांचा दुसरा कुठला राग चार वर्षं टिकलाय? शिवाय तिचं नाव अवचित बघून बिचकतील. तोही काढला. उरलं, "माझा राग गेला आहे." कसं सुटसुटीत! आकृती झाली करंगळीएवढी. ती मी प्रुफाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात टाकली, आणि वाचून झाल्यावर पुसून टाकली.

संध्याकाळी हे घाटावर जाऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "वैजू, सानिकाला फोन लाव."

मी रडले हो. त्यांनी फोनवर "बाळ, कशी आहेस" म्हटलं आणि पलीकडून नुसते हुंदके. "नितीनला म्हणावं तूही ये," हे म्हणाले, "आणि माझ्या नातीला घेऊन ये." पोरीला ताप होता म्हणून पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. मी पातेलंभर रव्याचे लाडू वळले. भीती कुठल्या कुठे पळाली होती. वाटलं, काय वाईट केलं मी? बापलेकीची गाठ घालून दिली. देवाने चार वर्षांत केलं नाही ते मी तीन शब्द आणि एका "आहे"मध्ये केलं.

दोन-चार दिवसांनी एका टेम्पोवाल्याने मागे घेताना आमचं फाटक उखडलं. आवाज ऐकून मी धावत बाहेर आले. फाटक आडवं, तो पोरगा खाली उतरून उलट ह्यांच्यावरच गुरकावतोय. "ओ काका, फाटक रस्त्यात लावता का? अक्कल विकली काय?" त्याने ह्यांची कॉलर धरली होती. आणि हे हसत होते. घाबरून नव्हे, बळेबळे नव्हे. लहान मूल दाढी ओढतं तेव्हा हसावं तसे. त्याने एक ठेवून दिली. ह्यांचा चष्मा उडाला. तरी हे म्हणाले, "चालायचंच, बाळा. तुझी गाडी बरी आहे ना?"

तो पोरगाच घाबरला. हात सोडून दोन पावलं मागे सरकला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, काकांना बरं नाहीये का?" आणि टेम्पो घेऊन पळाला.

मी चष्मा उचलला. माझा राग गेला आहे. सानिकावरचा नव्हे. सगळा. मीच तो शब्द कापला होता. गालावर बोटं उमटलेली आणि हा माणूस फाटकाच्या बिजागऱ्या गोळा करतोय, गुणगुणतोय. हे माझे नाहीत, असं मला वाटलं. मी ह्यांना कुठेतरी घालवलं आणि त्यांच्या जागी हा गोड माणूस आणून बसवला.

घरात येऊन कापलेला शब्द परत घालावा म्हणून मी पाटी उघडली. मग बंद केली. ह्यांना न विचारता आता एक टिंबसुद्धा लिहायचं नाही, असं ठरवलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं, तोंडाने.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छे गं," ते म्हणाले, "काहीतरीच काय? मी घाटावर बसून विचार केला. म्हटलं, किती दिवस उरलेत आपले. मग वाटलं, जाऊ दे."

"तसं वाटावं म्हणून मीच लिहिलं होतं अहो!"

"तू मनाला लावून घेऊ नकोस."

देवाशपथ सांगितलं, सानिकाची शपथ घेतली. ते मान हलवत राहिले, समजूत घातल्यासारखी. शेवटी माझा नाइलाज झाला. मी पाटीवर खरं ते लिहिलं: "माझा राग गेला तो वैजूने लिहिलं म्हणून गेला." ह्या वेळी एकही शब्द कापला नाही. त्यांना म्हटलं, "हे मी आत्ता लिहिलंय, मराठीत मोठ्याने वाचून दाखवते. वाचायचं असेल तरच बघा." आणि वाचून दाखवलं.

"बघतो की," म्हणून त्यांनी पाटी हातात घेतली.

त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पटायला क्षणसुद्धा लागला नाही. रक्त उतरत गेलं, ओठ पांढरे पडले. पाटी त्यांनी पालथी ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली, भिंतीला टेकेपर्यंत.

"चिडा माझ्यावर," मी म्हटलं. "शिव्या द्या. काहीतरी फेकून मारा."

"राग येत नाही गं. शोधतोय मी, पण येतच नाही. नुसती भीती वाटतेय."

राग आला असता तर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, आठवडाभर अबोला धरला असता, आणि मग विसरले असते. तीस वर्षं आमचं सगळं असंच निभावलं होतं. ती वाटच मी बुजवून टाकली होती.

"मी राग परत लिहून देते," मी म्हटलं. "सानिकावरचा सोडून. तुम्ही सांगाल ते शब्द."

मी पाटीकडे हात नेला मात्र, त्यांनी डोळे घट्ट मिटले. दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "नको! हात लावू नकोस! वैजू, पाया पडतो तुझ्या."

हा माणूस नागाला घाबरून पलंगावर चढला होता तेव्हासुद्धा त्याचा आवाज असा झाला नव्हता.

मग मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "आणखी काय काय लिहिलंस?"

"काही नाही हो. एवढंच."

"आपलं लग्न कराडला झालं. तू पोपटी शालू नेसली होतीस. बाजूबंद हरवला म्हणून रडत होतीस. हे मला आठवतंय, का तू लिहिलंयस?"

"आठवतंय तुम्हाला. खरंच घडलंय ते."

"आणि तू मला आवडतेस, हे?"

जे बोलेन ते मी बोलणार होते, ज्या बाईने हे केलं तिने. लिहून दिलं असतं तर त्यांना तत्काळ पटलं असतं. जीव तिथेच निवला असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू? बोटं वळवळली. पण जसंच्या तसं लिहिलं असतं तरी ते त्यांच्या डोक्यात मीच ठेवलेलं झालं असतं, आणि मग सरळ विष घालायला काय हरकत होती? मी तोंडाने म्हटलं, "त्याचं मी काही लिहिलेलं नाही. विश्वास ठेवा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

पाटी मी अंगणात नेऊन पाट्याच्या वरवंट्याने फोडली, त्यांना आवाज ऐकू जाईल अशी. पण त्यांच्या मते दुसरी नसेल कशावरून? कागदावर लिहिलं नसेल कशावरून? बारीकशी आकृती, बोटाच्या पेरावर मावेल एवढी, आणि नजरेला पडली की संपलं. मी खोलीत आले की ते डोळे मिटून घेतात. जेवताना ताट मी ठेवून बाहेर गेले की मग उघडतात. झोपेत मी कपाळावर काही लिहिलं असेल म्हणून न्हाणीघरातला आरसा त्यांनी फडक्याने झाकलाय. मी रोज दाराबाहेरून बोलते, आज काय भाजी आहे, कुलकर्णीबाई काय म्हणाल्या. ते आतून नीट उत्तरं देतात, गोडव्याने. कुठे खवचटपणा नाही, चिडचिड नाही. मला तो आवाज ऐकून घाम फुटतो. प्रकाशकाला मी सगळं लिहून कळवलं, वर्तमानपत्रांनाही. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

ठरल्याप्रमाणे सानिका आली. नितीनने बॅगा आत आणल्या. चार वर्षांनी माझी लेक उंबऱ्यात उभी होती, कडेवर पोर. मी काही सांगायच्या आत ती "बाबा" म्हणत आतल्या खोलीत धावली. तिच्या आवाजाला ह्यांनी डोळे उघडले. तिला जवळ घेतलं, नातीच्या टाळूवर नाक टेकवलं. मी दाराआडून बघत होते. हेच तर मागितलं होतं मी.

मग मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले. ह्यांनी झटकन डोळे मिटले आणि पोरीच्या डोळ्यांवरही हात धरला.

"बाबा, काय झालं?" सानिका म्हणाली. "अहो, आई आहे."

"माहीत आहे. तिच्या हातात काय आहे ते बघ."

"चहा आहे."

"ट्रे घे तिच्याकडून. खालून बघ, कपांच्या बुडाला बघ. मग तिचे हात बघ, दोन्हीकडून."

सानिका माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली. तिने ट्रे घेऊन खाली ठेवला, एकेक कप उचलून बघितला. मी हात पुढे केले. तिने ते उलटसुलट करून बघितले, लहानपणी जेवायच्या आधी मी तिचे बघायची तसे. तिचे हात गार पडले होते.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली.

तरी ते थांबले. "तू सांगतेस ना? तू?"

"हो बाबा. मी सांगतेय."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे न बघता, आणि चहा तिच्या हातून घेतला.